उशिरा उतरलेला कंदील

मी कंदील बोलतोय. दिसायला साधाच आहे. पत्र्याचं बूड, त्यात घासलेट, वर बोटभर वात, वातीभोवती काच आणि हातात धरायला तारेची कडी. आता बुडाला गंज चढलाय आणि काचेला एक तडा गेलाय. तुम्ही म्हणाल, अशा वस्तूजवळ सांगण्यासारखं काय असणार. माझ्याजवळ सांगण्यासारखं नाहीच. लाज वाटण्यासारखं आहे, आणि ते मनात ठेवून आता जड झालंय.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. गवतात गुंडाळून, लाकडी खोक्यात बसून मी आगगाडीनं लासूर स्टेशनला आलो. बाजारच्या दिवशी दुकानासमोर दोन माणसं उभी राहिली आणि मला बघून भांडायला लागली.

"एवढा मोठा कशाला? तुझ्या घरात उजेड पाडून बघायचं काय हाय?"

"आन् तुझ्या घरात काय हाय रं पिंजाऱ्या? कापूस. एक ठिणगी पडली की होळी."

"म्हणून तर म्हणतो. तुझ्या घरी टांगू. लागंल तवा मी नेईन."

"म्हंजे घासलेट माझं आन् उजेड तुझा."

असं म्हणत हसत हसत दोघांनी मिळून मला घेतलं. थोराड बांध्याचा होता तो सांडू, शेतकरी. काटकुळा होता तो मदार, कापूस पिंजून गाद्या-गोधड्या भरून देणारा. शिवना नदीकाठच्या त्यांच्या गावात दोघांच्या घरांना मधली भिंत एकच होती. सांडूच्या घरात, मोठ्या दारातून आत आलं की उजव्या हाताच्या खुंटीवर मला टांगलं.

माझे दिवस बरे चालले होते. मारुतीच्या देवळात भजन असलं की सांडू मला न्यायचा. मोहरमला सवारी निघाली की तिच्यापुढं मदार मला धरून चालायचा. दोन्हीकडं मला तेच घासलेट जाळावं लागे, त्यामुळं मला त्यात फरक काही कळला नाही.

सांडूच्या बायकोला, सारजाबाईला, मी विशेष लागायचो. तिची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. तिसरी मुलगी झाली, बाना. सारजाबाई घडीघडी मला पाळण्याजवळ आणायची आणि बानाची छाती वरखाली होते का ते बघायची. होते म्हटल्यावर मला परत टांगायची, आणि चार भांडी घासून झाली की पुन्हा न्यायची. शेजारची जैतुनबी, मदारची बायको, तिला हसायची. "सारजा, तू त्या पोरीला झोपू तर दे. उजेडानंच उठंल ती." पण बाना एकदा रडून रडून निळी पडली तेव्हा हीच जैतुनबी आपली मेहरू घरात तशीच टाकून धावत आली होती.

कंदील म्हणजे अंधारातली वस्तू. पण माझ्या आयुष्यात जे काही मोठं घडलं ते भर दिवसा घडलं. त्याला कारण पेव.

मोठ्या दाराच्या आत, सांडूच्या अंगणात पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली धान्याची कोठी. वर एक माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, आत मात्र खोलीएवढी जागा, दोन पुरुष उंचीइतकी खोल. कडेला कडबा लावायचा, मधे ज्वारी भरायची, वर दगडी झाकण ठेवून शेणमातीनं लिंपून टाकायचं. ज्वारी वर्षानुवर्षं राहते. पण बंद पेवात वाफ कोंडते. ती दिसत नाही आणि माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. म्हणून झाकण काढलं की आधी मला दोराला बांधून खाली सोडायचं. मी विझलो तर कुणी उतरायचं नाही. घोंगडी हलवून हवा खेळवायची, अर्धा दिवस थांबायचं, पुन्हा मला सोडायचं. मी जळत राहिलो की मगच माणूस.

अंगानं बारीक म्हणून दर साली मदार उतरायचा. दोराचं वरचं टोक सांडूच्या हातात. मी वर आलो की सांडू माझ्याकडं बघून मान हलवायचा, आणि त्यानं मान हलवली की मदार तोंडात पाय सोडायचा. दुसरं काही विचारायचा नाही. इतर दिवे जळले की लोक खूश होतात. माझं मात्र विझणंही कामाचं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता.

मग रझाकारांचं साल आलं. सांडूनं चळवळीतल्या माणसांना शेतात भाकरी पोचवल्या होत्या आणि ते कुणीतरी सांगितलं. वैशाखातली सकाळ होती. रझाकार ओढ्यापर्यंत आलेत असं समजलं आणि मदार धावतच सांडूच्या अंगणात आला. पेव तेव्हा रिकामं होतं, झाडून ठेवलेलं. दोघांनी झाकण सरकवलं. सारजाबाई बानाला छातीशी धरून काठावर बसली. बाना तेव्हा पाच महिन्यांची. मदारनं सांडूचा दंड धरला.

"कंदील."

"आरं येळ कुठाय? ओढ्यात आलेत ते."

"येऊ दे. कंदील वर आल्याबिगर लेकरू खाली जायचं नाय."

त्याच्या हाताला इतका कंप होता की दोन काड्या मोडल्या. तिसरीनं मी पेटलो. तो ओठात कलमा म्हणत होता, तो पुरा होईस्तोवर त्यानं मला तळाशी ठेवलं. मी निवांत जळत राहिलो आणि जळतच वर आलो. मग तिघं उतरली. झाकणाखाली त्यानं दगडाची खाप सरकवून फट ठेवली, वर कापसाचा ढीग पसरला आणि त्यावर बसून पिंजणाची तार छेडायला लागला. मला विझवायचं मात्र घाईत राहून गेलं. मी त्याच्या शेजारी उन्हात जळतच होतो.

त्यांचा म्होरक्या घोड्यावरून उतरला. "दिन में कंदील काहे को?"

"नजर कमजोर हो गई साब. कपास में का कचरा दिसता नईं," मदार म्हणाला.

खालून बाना खोकली. मदारनं तार जोरात छेडली. म्होरक्यानं मशिदीतून कुराण मागवलं. सांडू कुठं आहे ते ठाऊक नाही, असं त्यावर हात ठेवून सांग म्हणाला. मदार पाच वेळचा नमाजी. त्यानं उठून हात धुतले, चूळ भरली, हात ठेवला आणि सांगितलं. ते निघून गेले.

पुढचे तीन दिवस त्या उन्हाळ्यात मदारनं रोजे धरले. खोट्या शपथेची भरपाई म्हणून. जैतुनबी चिडली होती. "आधी झूठी कसम खायची, मग उपाशी मरायचं. ही कुठली रीत?"

"कसम माझी, भूक बी माझी. तू कशाला तापतीस?" मदार म्हणाला. सांडूही त्याच्याबरोबर उपाशी राहायला निघाला होता. दुपारी तो गूळ खाताना सापडला आणि मदार पोट धरून हसला.

जेठात सांडूनं पेवात अर्ध्यापर्यंत ज्वारी भरली आणि झाकण लिंपून टाकलं. पावसाळा लागला. भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली. लष्कर आलं आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. आमच्या गावात साखर वाटली. मदारनंही तोंडात साखर घातली, सांडूनंच भरवली. पण मग आजूबाजूनं दुसऱ्या बातम्या यायला लागल्या. ज्यांनी जुलूम केला ते केव्हाच पळाले होते. ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांची घरं आता जळत होती.

ती दुपार मला सांगायची नव्हती. पण तिच्यासाठीच तर बोलायला बसलोय.

नदीच्या अंगानं गलका ऐकू यायला लागला होता. बाहेरगावची माणसं होती, काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली, त्यांच्यात आमच्या गावातलीही काही. तेवढ्यात दारावर थाप पडली.

"सांडू, मी मदार. दार उघड."

मी दाराच्या आतच टांगलेला. सांडू माझ्यापासून दोन हातांवर उभा होता. त्याचा हात कडीवर होता आणि तो कडी काढत नव्हता.

"सांडू, जैतुन हाय संगं. मेहरू हाय."

आतून सारजाबाई आली. "आवो, उघडा की. भाबी हाय बाहेर."

"आपल्याला बी कापतील," सांडू पुटपुटला. "तुला समजत नाय. बाना हाय."

बाहेर मदार हळू आवाजात जैतुनबीला काहीतरी म्हणाला. जाड दारातून मला ते ऐकू आलं नाही. तव्यावरची भाकर करपल्याचा वास आला, मग ती जळून कोळसा झाल्याचा वास आला, आणि सांडूचा हात तिथंच होता. शेवटी सारजाबाईनं त्याचा हात बाजूला केला आणि कडी काढली.

सारजाबाईनं जैतुनबीला ओढत स्वयंपाकघरात नेलं, आपलं लुगडं नेसवलं, कपाळाला कुंकू लावलं आणि जात्यावर बसवलं. मेहरूच्या मांडीवर बाना दिली. इकडं सांडूनं पहारीनं पेवाचं लिंपण फोडलं. झाकण सरकलं तसा उबट, आंबूस वास आला. पावसाळ्यात ओल धरलेल्या धान्याचा. मी खुंटीवर होतो तरी मला कळलं. सारजाबाई परत आली आणि तिचा हात माझ्या कडीपर्यंत गेला.

"कंदील?"

"ऱ्हाऊ दे. येळ नाय. आपण बसलोच व्हतो की त्यात, लेकरासकट. काय झालं?"

मदारनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग सांडूकडं. सांडूनं मान हलवली. इतकी वर्षं सांडूनं मान हलवली की तो उतरायचा. तसाच उतरला.

सारजाबाईचा हात माझ्या कडीवरून खाली आला. वेळ होता. तो सगळा वेळ बंद दारामागं गेला होता. हे मला माहीत होतं, सारजाबाईला माहीत होतं आणि सांडूला माहीत होतं.

माणसं आली. झाकणावर टाकलेल्या कडब्यावर बसून पाणी प्यायली. "मदार्‍या कुठाय?" एकानं विचारलं. सांडू म्हणाला, "सकाळीच लासूरला गेला." त्याला कुणी शपथ घातली नाही. ती बराच वेळ बसली, शेजारच्या घरातून कापूस ओढून काढून पेटवला आणि गेली.

सांडूनं झाकण काढून हाका मारल्या. उत्तर आलं नाही. तेव्हा त्यानं मला पेटवलं आणि दोरानं खाली सोडलं. पुरुषभरही गेलो नाही आणि विझलो. त्या अंधारात मदार ज्वारीवर कुशीवर पडला होता, झोपल्यासारखा. विहिरीतली बादली काढायचा गळ टाकून सांडूनं आणि सारजाबाईनं त्याला वर घेतलं. अंगावर एक ओरखडा नव्हता.

जैतुनबी धावत बाहेर आली. कपाळावर कुंकू तसंच. तिनं नवऱ्याकडं बघितलं, दोराला बांधलेल्या माझ्याकडं बघितलं आणि एवढंच विचारलं, "उतरायच्या आधी कंदील सोडला व्हता ना?"

सांडू म्हणाला, "व्हय. तवा जळत व्हता."

मी तिथंच होतो. माझी वात अजून धुमसत होती. पण कंदिलाला तोंड कुठं असतं.

त्या दिवसापासून गावात मी खोटा कंदील झालो. आधी जळला आणि माणूस आत गेल्यावर विझला म्हणे. सारजाबाईनं मला उचलून माळ्यावर टाकलं. तिला मी डोळ्यांसमोर नको होतो. माळ्याच्या झरोक्यातून अंगण दिसायचं. तिथून मी चार वर्षं बघत राहिलो.

जैतुनबीनं घर सोडलं नाही. जळका भाग शाकारून ती मेहरूला घेऊन तिथंच राहिली आणि लोकांच्या शेतावर जायला लागली. आधी सांडूला अरे-तुरे करायची, आता अहो-जाहो करायला लागली. "तुम्ही जिवावर उदार होऊन दार उघडलं, सांडूभाऊ," असं चारचौघांत म्हणायची. गावातही सांडूचं नाव झालं. आपल्या घरात मुसलमानाला लपवणारा माणूस म्हणून लोक त्याला देवळात पुढं बसवायचे. ईदला जैतुनबी वाटीभर खीर आणून द्यायची. सांडू ती वाटी हातात घेऊन गोठ्यात जायचा आणि म्हशीच्या पुढ्यात ओतायचा. सारजाबाई दारात उभी राहून ते बघायची. एकदा ती म्हणाली, "किती दिवस?" सांडूनं रिकामी वाटी विसळली.

एक गोष्ट मात्र बदलली होती. पूर्वी भिंतीपलीकडून जैतुनबीच्या नमाजाची चाहूल लागायची, तांब्यातलं पाणी सांडल्याची, चटई झटकल्याची. ती आता लागत नव्हती. का ते मला समजलं नाही.

आता माझी स्वतःची लाज सांगतो. त्या चार वर्षांत मला मदारची आठवण यायची, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वाटायचं ते हे, की एकदा खरं बाहेर यावं आणि माझ्यावरचा ठपका जावा. घरचं माणूस गेलेलं, आणि मी माळ्यावर बसून माझं नाव धुऊन निघायची वाट बघत होतो.

मग पावसानं दडी मारलेलं साल आलं. चैत्रातच घराघरांतल्या कणग्या रिकाम्या झाल्या. सांडूच्या पेवात चार वर्षांची ज्वारी तशीच होती, त्या दिवसानंतर झाकण कुणी काढलंच नव्हतं. गावातला एकही माणूस त्यात उतरायला तयार होईना. माणूस खाल्लेलं पेव म्हणायचे.

जैतुनबीच म्हणाली, "मी उतरते. मी बी बारीकच हाय. माझ्या पोरीच्या बी पोटात आग हाय."

सांडूनं सकाळी झाकण काढलं. तोच उबट वास माळ्यापर्यंत आला. जैतुनबीनं पदर खोचला, दोर कमरेला बांधला. दहा वर्षांची मेहरू टोपली घेऊन शेजारी. दोराचं टोक सांडूच्या हातात. सारजाबाई ओसरीत उभी होती.

"कंदील काढू का माळ्यावरचा?" ती म्हणाली. जैतुनबीला नव्हे, सांडूकडं बघत म्हणाली.

"कशाला?" जैतुनबी म्हणाली. "तो त्या दिवशी बी जळतच व्हता. त्याला काय कळतंय."

ती काठावर बसली आणि तिनं पाय आत सोडले. मी माळ्यावरून बघत होतो. सांडूनं दोर हाताला गुंडाळला. मग सोडला. पुन्हा गुंडाळला.

"भाबी, थांब."

"आता काय?"

"कंदील सोडलाच नव्हता."

जैतुनबीला आधी समजलं नाही. "कवा?"

"मदार उतरला तवा. आधी सोडलाच नव्हता. नंतर सोडला. तवा तो विझला. कंदील खरा हाय. मी खोटा."

जैतुनबीचे पाय अजून पेवातच होते. मेहरूनं तिचा दंड धरला तेव्हा तिनं एक पाय काढला, मग दुसरा.

"का?" ती म्हणाली.

"येळ नव्हता."

"येळ व्हता," सारजाबाई ओसरीतून म्हणाली. "येळ व्हता, भाबी. दारामागं गेला. आन् कंदील माझ्या हाताशी व्हता. मी बी काढला नाय."

"दाराचं मला सांगू नको," जैतुनबी म्हणाली. "दाराच्या बाहेर मीच उभी व्हते. सारं समजत व्हतं मला. मी म्हणले, चला दुसरीकडं, हा काय उघडत नाय. तर हे म्हणले, उघडंल. लेकराचा बाप हाय, भ्याला आसंल. मी त्याच्या जागी आसतो तर मी बी भ्यालो आसतो. म्हंजे दाराचं त्यांनी तिथंच सोडून दिलं. मग मी कोण धरून ठेवणार?"

सांडू खाली बसला होता. त्यानं तोंडावर धोतराचा सोगा धरला.

"पण कंदिलाचं सांगितलं आसतंस तर बरं झालं आसतं, सांडूभाऊ. कंदील जळत आसताना माणूस जातो कसा, म्हणून मी किती डोकं फोडलं. मग मनात आलं, त्यांनी कुराणावर खोटी कसम खाल्ली व्हती ना. तुझ्यासाठी. त्याचीच ही सजा. अल्लानंच नेलं. तीन रोजे कमी पडले. चार वर्सं मी चटई आंथरली नाय. ज्याच्याशी भांडायचं तो भिंतीपल्याड बसला व्हता, आन् मी वरच्याशी भांडत ऱ्हायले."

सांडू म्हणाला, "मला माफ कर म्हणायला बी तोंड नाय, भाबी."

"मग म्हणू नको. माझी माफी मला आली की देईन. आज आली नाय. कंदील आण."

सारजाबाईनं मला माळ्यावरून काढलं. पदरानं काच पुसली, वात कापली. घासलेट कुणाकडंच नव्हतं. मेहरूनं घरातून चिमणीतलं होतं तेवढं आणून ओतलं. जैतुनबीनं स्वतः मला पेटवलं आणि स्वतः सोडलं. पुरुषभर खाली गेलो आणि विझलो.

तिनं मला वर ओढलं. काळ्या पडलेल्या वातीकडं ती कितीतरी वेळ बघत होती. तिच्या बाजूला मेहरू, मेहरूच्या हातात रिकामी टोपली. त्या पोरीची आई आत्ता खाली असती. हा विचार त्या अंगणात सगळ्यांच्याच मनात आला, कारण सारजाबाईनं एकदम मेहरूला जवळ ओढून घट्ट धरलं.

आणि मला काय वाटलं सांगू? माझं नाव धुऊन निघालं म्हणून मला आनंद झाला. त्या बाईला आपला नवरा चार क्षणांच्या हलगर्जीनं गेला हे कळत होतं, त्याच घडीला मला आनंद झाला. ती लाज अजून गेलेली नाही.

घोंगडी दोराला बांधून खालीवर करत त्यांनी हवा खेळवली. दुपार टळली. पुन्हा मला सोडलं तेव्हा मी ज्वारीला टेकेपर्यंत जळत गेलो. तिथंच मला उभं करून ठेवलं.

"मी उतरतो," सांडू म्हणाला. त्यानं दोर कमरेला बांधला आणि टोक कुणाच्या हातात द्यायचं ते त्याला कळेना. तो सारजाबाईकडं वळला.

"आण हिकडं," जैतुनबी म्हणाली आणि तिनं दोर घेतला.

सांडू माझ्याजवळ उतरला. वर तोंडाचा गोल उजेड, त्यात जैतुनबीचं डोकं. सांडू जिथं मदार पडला होता तिथंच गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या गळ्यातून कसलातरी आवाज निघाला.

"रडायचं आसंल तर वर येऊन रड," वरून जैतुनबी म्हणाली. "आधी टोपली भर. पोरी उपाशी हायेत."

त्यानं टोपली भरली. ती वर गेली, रिकामी परत आली. पुन्हा भरली. चार-पाच टोपल्या झाल्या असतील. मग वरच्या गोलातून जैतुनबीचं डोकं दिसेनासं झालं आणि दोर जरा ढिला पडला. सांडू घाबरला.

"भाबी? ए भाबी?"

गोलात सारजाबाईचं तोंड आलं. "गप बसा जरा. दोर माझ्या हातात हाय. त्या नमाजाला उभ्या राहिल्यात."

हातातली ज्वारी सांडूनं टोपलीतही टाकली नाही, आवाज होईल म्हणून. वर अंगणात पाऊल सरकल्याचा, गुडघे टेकल्याचा आवाज येत होता. मी आणि तो, दोघं खाली मान घालून ऐकत राहिलो.

त्याला आता बारा-तेरा वर्षं झाली. जैतुनबीनं सांडूला माफ केलं असं मी कधी ऐकलं नाही. त्यानंतर ईदला तिनं वाटी आणली तेव्हा ती ओसरीत बसून राहिली आणि सांडूनं खीर तिच्यासमोर खाल्ली, एवढं बघितलं. गेल्या साली मेहरूचं लग्न झालं. मांडवात मदारच्या जागी उभं राहायला तिनं सांडूला बोलावलं होतं. आता यालाच माफी म्हणायचं की काय, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला माणसांतलं तेवढं कळत नाही.

मला माफ करायला मात्र कुणी नाही, कारण माझ्यावर रागावलेलंच कुणी नाही. "बिचारा कंदील, उगाच त्याला बोल लावला," असं सारजाबाई म्हणते तेव्हा मी आणखी खाली जातो.

आता गावात वीज येणार म्हणतात. खांब पडलेत. पेवंही बुजवत चाललेत, लोक धान्य पोत्यांत ठेवायला लागलेत. तरी एखाद्याला जुनं पेव उघडायचं असलं की तो सांडूच्या घरी येतो आणि मला मागून नेतो. मी बुडाला गळतो, म्हणून चिंधी बांधून नेतात. जातो मी. मला तेवढंच एक काम येतं.

बायांनो, बाप्यांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या भरवशावर कुणी कुठं उतरायला निघालं तर मला खुंटीवर ठेवू नका. माणसं ओढ्यापर्यंत आलेली असली तरी, हात कापत असले तरी, आधी मला सोडा. माझं काय, मी विझलो तर काडी ओढून मला पुन्हा पेटवता येतं.